गणिताची पदवी: पाच नावं, आणि त्यामागची साखळी

पत्र

विद्यापीठाच्या गणित विभागात मला प्रवेश मिळाला आहे. पहिलं वर्ष सगळ्यांना जवळपास सारखंच आहे, पण अर्जात आत्ताच एक शाखा लिहावी लागते. ती दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत बदलता येते म्हणे. शाखा पाच आहेत: शुद्ध गणित, उपयोजित गणित, गणित आणि संख्याशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र, आणि डेटा सायन्स. शाळेत गणितात कायम उत्तम गुण मिळाले. कॅल्क्युलस मनापासून आवडतं. सिद्धता मात्र भूमिती सोडली तर फारशा केलेल्या नाहीत. घरचे म्हणतात, संगणकशास्त्र जोडलेलं घे, नोकरीची चिंता नको. गणिताच्या बाई म्हणतात, शुद्ध गणितच घे. मला स्वतःच्या पायावर उभं राहायचं आहे, पण पुढे संशोधन करावंसं वाटलं तर ती वाटही मोकळी हवी. मी काय लिहू?

— संभ्रमात पडलेली

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

ती पाच नावं थोडा वेळ बाजूला ठेव. एकाच नावाची पदवी दोन विद्यापीठांत दोन तऱ्हांनी शिकवली जाते. उलट एकाच विभागातल्या वेगळ्या नावांच्या दोन शाखांत पहिली तीन सत्रं तेच विषय असतात, असंही होतं. पदवी म्हणजे एकावर एक उभ्या असलेल्या विषयांची साखळी. तुला निवडायची आहे ती साखळी. म्हणून आधी ती डोळ्यांसमोर आण.

एक मोठा कागद घे. विभागाच्या अभ्यासक्रम पुस्तिकेतून पाचही शाखांचे सगळे विषय त्यावर लिही. प्रत्येक विषयाखाली 'पूर्वअट' म्हणून काही छापलेलं असतं, तिथून त्या विषयापर्यंत बाण काढ. बाण आखायला दोन तास जातील, पण माहितीपत्रकातल्या दहा पानांपेक्षा त्यातून जास्त कळेल. साधारण असं चित्र दिसेल: रिअल अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या भागातून दुसरा, तिथून मेट्रिक स्पेसेस आणि टोपॉलॉजी, तिथून फंक्शनल अ‍ॅनालिसिस. अ‍ॅनालिसिसमधूनच दुसरी फांदी फुटते ती मेझर थिअरीची. तिच्यावर काटेकोर संभाव्यता उभी, आणि त्याच्यावर स्टोकॅस्टिक प्रक्रिया आणि वित्तीय गणित. लिनिअर अल्जेब्रातून एक बाण ग्रुप, रिंग, फील्ड यांच्याकडे जातो, दुसरा रिग्रेशनकडे, तिसरा न्यूमरिकल अ‍ॅनालिसिसकडे, चौथा मशीन लर्निंगकडे.

आता ज्या विषयांतून सगळ्यात जास्त बाण निघतात त्यांना गोल कर. बहुतेक ठिकाणी चार निघतील: रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, संभाव्यता, आणि प्रोग्रॅमिंग. हे चार पहिल्या तीन सत्रांत पक्के झाले, तर पाचांपैकी कुठलीही वाट फारशी बंद होत नाही. यातला एक जरी उशिरा आला, तर त्याच्या पुढचं सगळं पुढे ढकललं जातं, आणि बरेच विषय वर्षातून एकदाच शिकवले जात असल्यामुळे एका सत्राची चूक एका वर्षाला पडते. म्हणून प्रत्येक विषयापुढे तो कोणत्या सत्रात असतो तेही लिही. 'दर दोन वर्षांनी एकदा' असा शेरा असलेल्या विषयांवर वेगळी खूण कर. तिसऱ्या वर्षाचे ऐच्छिक विषय अनेकदा असेच असतात.

कागद तयार झाला की एक सापळा ओळखायला शीक. सारख्या नावाचे विषय सारखे नसतात. लिनिअर अल्जेब्रा दोन प्रकारची असते. एकीत मॅट्रिक्सच्या ओळींवर क्रिया करायच्या, डिटर्मिनंट काढायचा, समीकरणं सोडवायची. दुसरीत व्हेक्टर स्पेसची व्याख्या पहिल्या आठवड्यात येते आणि पुढे कोशंट स्पेस, ड्युअल स्पेस, जॉर्डन फॉर्म, स्पेक्ट्रल प्रमेय इथपर्यंत जायचं असतं. पहिली घेतलेल्या विद्यार्थ्याला अमूर्त बीजगणिताच्या वर्गात बसल्यावर परक्या गावात उतरल्यासारखं वाटतं. कॅल्क्युलसचंही तसंच: इतर विभागांच्या विद्यार्थ्यांसाठी शिकवलं जाणारं कॅल्क्युलस आणि गणित विभागाचं अ‍ॅनालिसिस यांत प्रकरणांची नावं तीच, पण काम वेगळं. हे ओळखण्याची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिका. मागच्या तीन वर्षांच्या मिळव आणि प्रत्येक प्रश्नाचं क्रियापद बघ. 'काढा', 'सोडवा' किती, आणि 'सिद्ध करा', 'प्रतिउदाहरण द्या' किती, ते मोज. पुस्तिकेत काहीही लिहिलेलं असो, तो विषय कसा शिकवतात ते ही मोजणी सांगते.

आता तुझ्याबद्दल. शाळेतले गुण तुला झटपट आणि अचूक आकडेमोड येते एवढंच सांगतात. त्यावरून शाखा ठरत नाही. खाली चार प्रश्न देते. एकेका प्रश्नाला एकेक संध्याकाळ दे. इंटरनेटवर उत्तर शोधू नकोस. उत्तर आलं की नाही यापेक्षा, अडकल्यावर तुझं मन काय करत होतं ते टिपून ठेव.

पहिला: दोन विषम संख्यांच्या वर्गांची बेरीज कधीही पूर्ण वर्ग असू शकत नाही, हे सिद्ध कर. दोनचार उदाहरणं घेऊन सुरुवात कर, पण उदाहरणांवर थांबू नकोस. चारने भागल्यावर बाकी काय उरते ते बघ, एवढा धागा पुरे.

दुसरा: सरळ उभ्या नळकांड्यासारखी टाकी, तळाला बारीक छिद्र. पाणी बाहेर पडण्याचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो; हा टॉरिचेल्लीचा नियम, १६४४ मध्ये छापलेला. टाकी रिकामी व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात किती पाणी गेलेलं असेल? उत्तर तीन चतुर्थांश येतं. ते का येतं हे समीकरण मांडून दाखव, आणि मग विचार कर: खऱ्या टाकीत हे कुठे चुकेल? छिद्र मोठं असेल तर? पाण्याऐवजी मध असेल तर?

तिसरा: मूतखड्याच्या दोन उपचारांची तुलना. १९८६ साली प्रसिद्ध झालेले खरे आकडे आहेत. लहान खड्यांत पहिला उपचार ८७ पैकी ८१ जणांना लागू पडला, दुसरा २७० पैकी २३४ जणांना. मोठ्या खड्यांत पहिला २६३ पैकी १९२ जणांना, दुसरा ८० पैकी ५५ जणांना. टक्केवारी काढ. लहान खडे असोत की मोठे, पहिला उपचार सरस. आता दोन्ही गट एकत्र कर: पहिला ३५० पैकी २७३, दुसरा ३५० पैकी २८९. एकदम दुसरा सरस! गणितात चूक कुठेच नाही. मग रुग्णाला काय सांगायचं, आणि का?

चौथा: फिबोनाची क्रमातलं ४०वं पद काढणारा प्रोग्रॅम दोन प्रकारे लिही. एकात फलन आधीच्या दोन पदांसाठी स्वतःलाच हाक मारतं. दुसऱ्यात साधा लूप चालतो. पहिल्या प्रकारात ते फलन ३३ कोटींहून जास्त वेळा हाक मारलं जातं, दुसऱ्यात जेमतेम चाळीस बेरजा होतात. एवढा फरक का पडतो, आणि पहिलाच प्रकार न मोडता वेगवान करता येईल का, ते शोध.

चारही प्रश्न सोपे किंवा मध्यम आहेत, त्यामुळे ते सुटले म्हणून हुरळून जाऊ नकोस. पाहायचं ते असं. पहिला सुटल्यावर 'तीन विषम वर्गांची बेरीज केली तर?' असं तुझं तुलाच विचारावंसं वाटलं का? दुसऱ्यात मध आणि मोठं छिद्र हा भाग समीकरणापेक्षा जास्त रंगला का? तिसऱ्यात गंभीर रुग्ण कुठल्या उपचाराकडे जास्त पाठवले गेले होते, हा प्रश्न आपोआप डोक्यात आला का? चौथ्यात प्रोग्रॅम चालल्यावरही आणखी वेगवान करण्याची खुमखुमी राहिली का? ज्या प्रश्नाला तू स्वतःहून शेपूट जोडलंस, त्या दिशेला तुझी ओढ आहे. गुणपत्रकात ही ओढ दिसत नाही, पण तीन वर्षं पुरते तीच.

सिद्धतेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या पत्रातली खरी शंका तिथेच आहे, आणि शुद्ध गणित घेतलेले विद्यार्थी अडखळतात तेही तिथेच.

रिअल अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या महिन्यात शाळेत सहज वापरलेल्या गोष्टी पुन्हा पायापासून उभ्या कराव्या लागतात. सीमा म्हणजे काय? सांतत्य म्हणजे काय? विद्यार्थ्याला वाटतं, हे तर येतंच, उगीच अवघड का करतात. हा हट्ट कुठून आला ते समजलं तर वाचन सोपं जातं. फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात मांडलं की सांतत्य असलेल्या, म्हणजे आलेख सलग असलेल्या, फलनांच्या अभिसारी श्रेणीची (जिची अनंत बेरीज ठरावीक किमतीकडे जाते तिची) बेरीजही सांतत्य असलेलीच असते. वाचायला अगदी रास्त वाटतं. १८२६ मध्ये एबलने याला अपवाद दाखवला. दुरुस्ती व्हायला १८४०चं दशक संपत आलं, आणि ती दुरुस्ती म्हणजेच आज दुसऱ्या सत्रात शिकवलं जाणारं एकसमान अभिसरण. पुढे १८७२ मध्ये वायरश्ट्रासने असं फलन समोर ठेवलं जे सगळीकडे सलग आहे, पण एकाही बिंदूला स्पर्शिका काढता येत नाही. चित्र डोळ्यांपुढे आणून भागत नाही, हे तेव्हा स्पष्ट झालं. एप्सिलॉन (किमतीत किती फरक चालेल) आणि डेल्टा (त्यासाठी बिंदूच्या किती जवळ राहायचं) यांचा हट्ट त्या अनुभवातून आला आहे.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी चुकतो तो बहुधा याच ठिकाणी, शब्दांच्या क्रमात. 'प्रत्येक बिंदूसाठी आणि प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो' हे सांतत्य. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो, जो सगळ्या बिंदूंना चालतो' हे एकसमान सांतत्य. संपूर्ण संख्यारेषेवर 'संख्येचा वर्ग' या फलनाला पहिलं लागू पडतं, दुसरं नाही. उजवीकडे जावं तसा आलेख चढा होत जातो आणि डेल्टा आणखी लहान घ्यावा लागतो. दोन शब्दांची जागा बदलली की विधान बदललं. ज्याला हे वाचून मजा येते, त्याच्यासाठी शुद्ध गणित आहे. ज्याला कंटाळा येतो त्याच्यात काही उणं नाही, त्याने दुसरी शाखा घ्यावी, बस्स.

दुसरी हमखास चूक सिद्धता पाठ करण्याची. शाळेत ते चालून गेलेलं असतं. इथे परीक्षेत प्रमेय तेच, पण एक अट काढून टाकलेली, आणि विचारलेलं असतं: आता खरं राहतं का? म्हणून अभ्यासाची पद्धत अशी ठेव: व्याख्या शब्दशः पाठ कर, हो, व्याख्या पाठच करायच्या, सिद्धता मात्र एकदा वाचून पुस्तक मिटून स्वतः लिहायची, आणि प्रत्येक प्रमेयाच्या प्रत्येक अटीसाठी ती नसेल तर काय मोडतं याचं एक उदाहरण वहीत नोंदवायचं. सत्राअखेर अशी तीसचाळीस उदाहरणं जमतात आणि परीक्षेला तीच उपयोगी पडतात.

आणखी एक गोष्ट, जी आधी कळलेली बरी. अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या चाचणीत गुण घसरतात. शाळेत नेहमी पुढे असणाऱ्यांचेही घसरतात. त्या एका चाचणीवरून शाखा बदलू नकोस. आठव्या-नवव्या आठवड्यातला गृहपाठ बघ: पानभर लिहिलेली सिद्धता तुझी तुलाच तपासता येते का, कुठे भोक आहे ते दिसतं का? दिसत असेल तर गुण मागाहून येतात.

आता शाखांकडे वळते. सगळ्यांवर सारखंच लिहिणार नाही, कारण तुझ्या बाबतीत सगळ्या सारख्या जवळच्या नाहीत.

उपयोजित गणितात अवकल समीकरणं, आंशिक अवकल समीकरणं, न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस, इष्टतमीकरण आणि प्रारूपबांधणी यांचा भर असतो. तुला कॅल्क्युलस आवडतं, म्हणून ही शाखा स्वाभाविक वाटेल. टाकीचा प्रश्न सगळ्यात जास्त रंगला असेल तर ती खरंच स्वाभाविक आहे. पण एक तपास: या शाखेत भौतिकशास्त्राचे किती विषय सक्तीचे आहेत? काही ठिकाणी यांत्रिकी आणि द्रवगतिकी घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि भौतिकशास्त्र नकोसं असेल तर दुसरं वर्ष जड जातं. शिवाय 'शुद्ध' आणि 'उपयोजित' यांमधली भिंत नावांत दिसते तेवढी उंच नाही. फर्माचं १६४० चं, निव्वळ पूर्णांकांबद्दलचं साधं प्रमेय १९७७ च्या आरएसए या संदेश गुप्त ठेवण्याच्या कूटपद्धतीच्या मुळाशी आहे. राडॉनने १९१७ मध्ये सोडवलेला प्रश्न १९७१ मध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरलेल्या सीटी स्कॅनचं गणित ठरला.

गणित आणि संख्याशास्त्र ही जोडी मला तुझ्या दोन्ही अटींना सगळ्यात जवळची वाटते. संशोधनाला लागणारा अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्रा तिथे असतो, आणि विमा, औषधचाचण्या, वित्त, सर्वेक्षण अशा ठिकाणी थेट उपयोगी पडणारं शिक्षणही. मात्र संभाव्यतेनंतर अनुमानशास्त्र (नमुन्यावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढणं), रिग्रेशन आणि प्रयोगांची रचना हे तीन विषय सक्तीचे असले पाहिजेत, आणि निदान एका विषयात खऱ्या, अर्धवट, चुका असलेल्या माहितीवर काम करून घेतलं पाहिजे. हे नसेल तर ती फक्त सूत्रांची यादी आहे. अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचा हिशेब करणारी तज्ज्ञ, होण्याचा विचार असेल तर आणखी एक चौकशी आत्ताच कर: या शाखेचे कोणते विषय व्यावसायिक संस्थेच्या परीक्षांतून सूट मिळवून देतात, आणि त्यासाठी किमान किती गुण लागतात? ही यादी विभागाकडून लेखी घे. सूट बहुधा विषयागणिक मिळते, पदवीला सरसकट मिळत नाही.

गणित आणि संगणकशास्त्र. घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते अर्धं आहे. जोडपदवीत काय मिळतं याबरोबर काय गळतं तेही बघावं लागतं. तासांची संख्या तेवढीच, विभाग दोन. दोन्ही विभाग आपापले पायाभूत विषय सोडत नाहीत, त्यामुळे कात्री लागते ती तिसऱ्या वर्षाला: टोपॉलॉजी, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, गाल्वा थिअरी यांसारखे विषय गळतात. शुद्ध गणितात पुढे जायचं तर प्रवेश देणारे नेमके हेच विषय गुणपत्रकात शोधतात. दुसरी अडचण वेळापत्रकाची. दोन विभागांचे तास एकमेकांवर येतात आणि हवा असलेला ऐच्छिक विषय तुझ्या शाखेला कधीच घेता येत नाही. हे पुस्तिकेत लिहिलेलं नसतं, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावं लागतं. चौथ्या प्रश्नाने तुला सगळ्यात जास्त खेचलं असेल, तर हे सगळं मान्य करून ही शाखा जरूर घे. अल्गोरिदम, गुंतागुंत सिद्धांत, कूटशास्त्र हे खोल गणितच आहे आणि त्यातही संशोधन आहे. फक्त भीतीपोटी घेऊ नकोस.

डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमाची परीक्षा सोपी आहे. विषयांच्या यादीत सॉफ्टवेअर आणि साधनांची नावं किती, आणि बहुचल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, संभाव्यता, अनुमानशास्त्र किती, ते मोज. लजांद्रने लघुतम वर्गांची पद्धत १८०५ मध्ये छापली आणि रिग्रेशन आजही तिच्यावर उभं आहे. साधनं मात्र पदवी पूर्ण होईपर्यंतसुद्धा बदललेली असतात. चारही विषय पूर्ण खोलीने असतील तर शाखा चांगली. नसतील तर गणित-संख्याशास्त्र घेऊन साधनं बाजूने शिकणं कधीही बरं.

इथे माझं मुख्य म्हणणं येतं, आणि त्यावरच माझा सल्ला उभा आहे. नंतर एकटीने काय शिकता येईल आणि काय येणार नाही, यावरून आज जागा कशाला द्यायची ते ठरव. प्रोग्रॅमिंग एकटीने शिकता येतं, कारण चूक झाली की यंत्र लगेच सांगतं. सिद्धतेची चूक कोणी सांगत नाही. चुकलेली सिद्धता कागदावर बरोबर असल्यासारखीच दिसते, आणि ती तपासून लाल खूण करणारा माणूस फक्त विद्यापीठात, त्या दोनतीन वर्षांत, हक्काने मिळतो. सिद्धता तपासणारी लीनसारखी संगणकसाधनं आता आहेत, पण ती वापरायला शिकणं हाच एक सबंध विषय होतो. त्याच कारणाने बदल एका बाजूला सोपा आणि दुसऱ्या बाजूला अवघड असतो: शुद्ध गणिताची तीन सत्रं करून संख्याशास्त्राकडे वळताना एखाददुसरा विषय भरून काढावा लागतो, उलट दिशेने येताना अ‍ॅनालिसिसची आख्खी माळ.

म्हणून अर्जात शुद्ध गणित लिही, आणि मोकळ्या जागांत संभाव्यता आणि प्रोग्रॅमिंग भर. पहिल्या सत्रात अ‍ॅनालिसिसचा पहिला भाग, लिनिअर अल्जेब्राचा पहिला भाग, आणि प्रोग्रॅमिंग. सिद्धतालेखनाचा किंवा डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचा विषय असेल तर तोही याच सत्रात, कारण तुझी उणीव तिथेच आहे. दुसऱ्यात अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्राचे दुसरे भाग, संभाव्यता. तिसऱ्यात अमूर्त बीजगणित, अवकल समीकरणं, अनुमानशास्त्र, आणि जमलं तर डेटा स्ट्रक्चर्स. या टप्प्यावर तुझ्यापुढे बहुधा दोनच शाखा उरलेल्या असतील आणि तेव्हाची तू आजच्यापेक्षा नीट ठरवू शकशील.

तासांचा हिशेब आधीच करून ठेव. युरोपातल्या श्रेयांक पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तास काम धरतात. म्हणजे ६ श्रेयांकांचा विषय १५० ते १८० तासांचा. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला १० ते १२ तास. त्यातले चार वर्गात गेले तर सहा ते आठ तुझे एकटीचे. तुझ्या विद्यापीठाची मोजणी वेगळी असली तरी प्रमाण याच्या आसपास धरून चाल. सिद्धतेचे तीन नवे विषय एकाच सत्रात घेतले की हा हिशेब कोलमडतो, कारण एकेक गृहपाठ कधी दोन तासांत होतो तर कधी सहा तासांत. दोन जड, दोन हलके, असा मेळ ठेव.

अर्जापूर्वी विभागात जाऊन विचारायचे प्रश्न असे. यांतला पहिला सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो माझा सल्ला बदलू शकतो: शाखा बदलता येते म्हणतात, पण संगणकशास्त्राच्या जोडशाखेत नंतर जागा शिल्लक असतात का, आणि त्यासाठी पहिल्या वर्षाच्या गुणांची अट आहे का? नियमात दार उघडं आणि प्रत्यक्षात जागा भरलेल्या, असं या शाखेच्या बाबतीत होऊ शकतं. तसं असेल, आणि चौथ्या प्रश्नाची ओढ खरी असेल, तर अर्जात तीच शाखा लिही आणि मोकळ्या जागांत अ‍ॅनालिसिसचे दोन्ही भाग घे. चौथा प्रश्न तुला थंडच वाटला असेल, तर जागा संपतील या घाईने ती घेऊ नकोस.

मग हे विचार: अ‍ॅनालिसिसच्या ट्यूटोरियल गटात किती विद्यार्थी असतात आणि गृहपाठ दर आठवड्याला तपासून परत मिळतो का? तिसऱ्या वर्षाचे अमुकअमुक ऐच्छिक विषय मागच्या तीन वर्षांत खरोखर किती वेळा शिकवले गेले? (विषयांची नावं घेऊन विचार; मोघम विचारलंस तर मोघमच उत्तर मिळेल.) अंतिम वर्षाचा प्रकल्प सक्तीचा आहे की ऐच्छिक, आणि जोडशाखेच्या विद्यार्थ्याला कोणत्या विभागाचा मार्गदर्शक मिळतो? संशोधनाच्या वाटेला शिफारसपत्रं लागतात, आणि तुझं लेखी काम जवळून पाहिलेल्या प्राध्यापकाचंच पत्र वजनदार ठरतं. म्हणून प्रकल्प ऐच्छिक असला तरी घे. मुख्य विषय गणित ठेवून संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र दुय्यम विषय म्हणून घेता येतो का? घेता येत असेल तर घरच्यांना दाखवायला हा कागद फार उपयोगी पडेल: तीन वर्षांत प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, अनुमानशास्त्र आणि रिग्रेशन असे चार विषय कोणकोणत्या सत्रांत होणार, ते नावानिशी लिहून दाखव. नोकरी देणारा माणूस पदवीच्या नावानंतर हीच यादी वाचतो.

शाखा बदलण्याची शेवटची तारीख विचार आणि ती कोणत्या अर्जाने, कोणाच्या सहीने होते तेही. तिसऱ्या सत्राच्या दहाव्या आठवड्यावर वहीत खूण करून ठेव. त्या दिवशी हेच चार प्रश्न पुन्हा काढ. तोवर तुला त्यांना जोडायला चांगली लांब शेपटं सुचलेली असतील.